घरभर एकच पासवर्ड

कॅनबेऱ्यात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२मध्ये फाइल शेअरिंगचा एक छोटा प्रोग्राम खुला केला. पुढे नाव बदलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी शब्दकोशाच्या फाइलमध्ये फाइल शेअरिंगच्या ‘एसएमबी’ प्रोटोकॉलची एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द शोधले. हाती लागला ‘सांबा’!

डिसेंबर २०१२च्या ४.० आवृत्तीपासून हा मोफत प्रोग्राम ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हरही होतो. एका जुन्या पीसीवर घरातल्या सगळ्यांची खाती ठेवता येतात. विंडोजची मात्र प्रो आवृत्ती हवी. होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही.

खरी काळजी घड्याळाची. लॉगिन तपासणारं, एमआयटीत घडलेलं केर्बेरॉस दोन यंत्रांच्या वेळेत सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला, वीज जाताच घड्याळ मागे गेलं, की अचूक पासवर्डही नाकारला जातो.