स्वयंचलित वंगण यंत्रणेतील संवेदक
ऊसतोडणी यंत्र धूळ व पाचटात दीर्घकाळ चालते. वंगणाअभावी बेअरिंग निकामी झाल्यास ऐन हंगामात तोडणी खोळंबते. स्वयंचलित वंगण यंत्रणेचा पंप सुरू असला, तरी प्रत्येक बेअरिंगपर्यंत ग्रीस पोहोचतेच असे नाही. क्रमवार वितरकात एका दट्ट्याने ग्रीस पुढे ढकलल्यावरच दुसरा सरकतो. त्यामुळे एक नळी तुंबली तरी सर्व दट्टे थांबतात. म्हणूनच एका दट्ट्यावर बसविलेला संवेदकही हा अडथळा ओळखू शकतो. टाकीतील पातळी-संवेदक ग्रीस संपत आल्याचे दर्शवितो. मात्र वितरकापुढील नळी तुटल्यास दट्टे हलतच राहतात व इशारा मिळत नाही. यास्तव संवेदक असतानाही यंत्र सुरू करण्यापूर्वी नळ्या व जोड दररोज प्रत्यक्ष तपासावेत.