विजयाच्या नोंदीबाहेरचे संचित

खेळाडूच्या कारकीर्दीचा हिशेब मांडण्याची एक रूढ पद्धत आहे. त्याने किती स्पर्धा जिंकल्या, किती चषक मिळविले आणि किती द्रव्य कमावले, एवढे आकडे दिले की त्याचे मोल ठरले असे समजले जाते. गोल्फमध्ये बक्षिसांच्या रकमा आज लक्षावधी डॉलर्सच्या घरात गेल्या असल्याने ही सवय अधिकच बळावली आहे. परंतु किंमत आणि मूल्य या दोन भिन्न गोष्टी होत, हा अर्थशास्त्राचा अगदी आरंभीचा धडा आहे. तो समजून घेण्यास अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

जोन्स यांचा जन्म १९०२ साली अटलांटा येथे झाला. १९३० या एकाच वर्षी त्यांनी ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी अशा चारही अजिंक्यपद स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. ते व्यवसायाने वकील होते. हौशी खेळाडू असल्याने बक्षिसाच्या रकमेस त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांना पैशाचे वावडे होते असे मात्र नव्हे; निवृत्तीनंतर गोल्फ शिकविणाऱ्या चित्रपटांसाठी त्यांनी मोबदला घेतलाच. खेळत असेतो खेळ आणि उत्पन्न यांची खाती त्यांनी निराळी ठेवली, एवढेच.

त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली एक घटना पराभवाची आहे. १९२५ साली वूस्टर येथे अमेरिकन खुली स्पर्धा चालू होती. पहिल्याच फेरीत उंच गवतात पडलेल्या चेंडूमागे जोन्स यांनी काठी टेकविली आणि चेंडू किंचित हलला. पंचांनी ते पाहिले नव्हते, प्रेक्षकांनीही नव्हते. जोन्स यांनी स्वतःच चूक जाहीर केली आणि नियमानुसार एक फटका आपल्या नावावर दंड म्हणून लिहून घेतला. चार फेऱ्यांअंती ते विली मॅकफार्लेन यांच्या बरोबरीत आले, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या जादा फेरीत एका फटक्याने हरले. तो दंड घेतला नसता तर जादा फेरीची वेळच आली नसती. लोकांनी प्रशंसा केली तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून कोणी पाठ थोपटतो काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते.

असा काटेकोरपणा त्यांच्या अंगी जन्मतःच होता, असे समजण्याचे कारण नाही. १९२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे, गोल्फचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या मैदानावर, एकोणीस वर्षांच्या या तरुणाचा वाळूच्या खड्ड्यात संयम सुटला होता. त्याने खेळ अर्धवट टाकला, फटक्यांची पत्रिका फाडली. पुढे त्या वर्तनाची त्यांना लाज वाटत राहिली. १९२७ मध्ये त्याच मैदानावर ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकल्यावर चषक मायदेशी न नेता तेथेच ठेवण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. गावाने तरुणाचा उद्दामपणा पोटात घातला होता. आता त्याला आपलाच मानले.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकला जाताना जोन्स वाटेत सेंट अँड्रूजला थांबले. मित्रांसह एक साधी फेरी खेळावी, एवढाच मनोदय होता. ना स्पर्धा, ना चषक. पण वार्ता गावभर पसरली, दुकानदारांनी दारे लावून घेतली आणि हजारो माणसे मैदानावर लोटली. खेळाचा सराव सुटलेल्या जोन्स यांचा हात त्या दिवशी पहिल्या नऊ होलपर्यंत पूर्वीसारखा चालला. या फेरीची नोंद कोणत्याही विक्रमाच्या यादीत नाही. त्यांच्या स्मरणात मात्र ती अखेरपर्यंत राहिली.

१९४८ पासून मज्जारज्जूच्या व्याधीने त्यांचा खेळ कायमचा थांबला. १९५८ साली सेंट अँड्रूजने त्यांना मानद नागरिकत्व दिले. हा मान त्यापूर्वी ज्या अमेरिकनास मिळाला होता, ते बेंजामिन फ्रँकलिन, साल १७५९. दुर्बल पायांवर कसेबसे उभे राहून जोन्स म्हणाले की, आपल्या आयुष्यातून सेंट अँड्रूजचे अनुभव वगळता बाकी सर्व काढून घेतले, तरी ते आयुष्य समृद्धच ठरेल. ज्यांनी इतके जिंकले, त्यांनी केलेला हा ताळेबंद आहे.

मात्र हे संचित सर्वांच्या वाट्याला येऊ दिले गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचे पापवा सेवगोलम हे पूर्वी खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी होते. १९६३ मध्ये त्यांनी डर्बन येथे नाताळ खुली स्पर्धा जिंकली. वर्णभेदामुळे त्यांना क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. चषक त्यांच्या हाती भर पावसात, बाहेर देण्यात आला. चषक मिळाला, सन्मान नाकारला गेला. खुद्द जोन्स यांनी उभारण्यात पुढाकार घेतलेल्या ऑगस्टा येथील क्लबच्या मास्टर्स स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९७५ साली, आणि त्या क्लबने पहिला कृष्णवर्णीय सदस्य घेतला तो १९९० मध्ये.

या दोन चरित्रांचा अर्थ एकच निघतो. विजय खेळाडूला स्वतःच्या बळावर मिळविता येतो. तो स्मरणीय होतो तो मात्र भोवतालच्या माणसांमुळे. जोन्स यांना एका गावाने चषकाविना जे दिले, ते सेवगोलम यांना चषक देऊनही त्यांच्या समाजाने दिले नाही. गुणवत्ता याद्या, पदकांची कोष्टके आणि बक्षिसांच्या रकमा यांतच यश मोजणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी आणि क्रीडासंस्थांनी हे ध्यानी घ्यावयास हवे. जिंकणारा एकच असतो. प्रामाणिकपणाने खेळण्याची आणि आपुलकीने वागविले जाण्याची संधी मात्र प्रत्येकाला देता येते, आणि त्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात जादा तरतूद करावी लागत नाही.