‘नॉमिनेट’ : नाव घेणे आणि नेमणे

‘नॉमिनेट’ हा इंग्रजी शब्द ‘नोमेन’, म्हणजे नाम, या लॅटिन शब्दापासून आला आहे. मुळात अर्थ एवढाच, की नाव घेणे. परंतु नाव कोणी घेतले व कशासाठी, यावर त्याचे फळ अवलंबून असते. इंदूरच्या राजेंद्र नगरातील मराठी कुटुंबांत बोलणे मराठीत आणि बँकेचा अर्ज हिंदीत; त्यामुळे नामांकन, मनोनीत, नामिती, नामनिर्देशित हे शब्द सहज एकमेकांत मिसळतात.

निवडणुकीतील नामांकन म्हणजे नाव पुढे ठेवणे, निर्णय मतदारांचा. यहूदाच्या जागेसाठी योसेफ बर्सबा व मत्थिया ही नावे पुढे आली ती याच अर्थाने (प्रेषित १:२३). चिठ्ठी मत्थियाची निघाली. याउलट राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नामनिर्देशित करतात, तेव्हा नाव घेणे हीच नेमणूक असते. १९८३ च्या धर्मसंहितेतील ३७७ व्या कलमात पोप बिशपांना ‘नॉमिनेट’ करतात, तेही नेमणुकीच्याच अर्थाने. त्याचे मराठी ‘नाव सुचवितात’ असे केल्यास अनर्थ होईल. तथापि अशा नेमणुकीने अभिषेक झालेला नसतो. तो पुढे व्हावयाचा असतो.

आमच्या मते धर्मगुरू व धर्मशिक्षकांनी सर्वाधिक जपावे ते तिसऱ्या अर्थास. बँकेतील ठेवीचा नामिती हा रक्कम स्वीकारणारा होय, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याबाबत १९८३ मध्ये, बँकखात्याबाबत २०१० मध्ये व कंपनीच्या समभागांबाबत २०२३ मध्ये सांगितले. (विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नामिती असल्यास लाभाचा हक्क त्यांनाच मिळतो.) १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर विधवेस एक-तृतीयांश व मुलांस मिळून दोन-तृतीयांश वाटा आहे. वडिलांनी ठेवीच्या अर्जात थोरल्या मुलाचे नाव लिहिले, एवढ्यावरून ‘पैसे त्याचेच’ असे आईला कोणी सांगितले, तर तिचा वाटा शब्दाच्या घोटाळ्यात बुडतो, बहिणींचाही. म्हणून नामितीस ‘वारस’ म्हणू नये, ‘स्वीकारणारा’ म्हणावे. ज्यास एकालाच ठेव द्यावयाची आहे त्याने मृत्युपत्र करावे. त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.