तीन वाटांचा एक घाट

देशावरून कोकणाकडे निघालेल्या माणसाला सह्याद्री चढल्यासारखे वाटतच नाही. भाताची खाचरे, माळ, एखादी वाडी, देवराई असे मागे पडत जाते आणि एकाएकी जमीन संपते. समोर सहाशे-सातशे मीटर खोल कोकण पसरलेले असते. पूर्वेला सावकाश उतरणारा आणि पश्चिमेला तुटून पडणारा असा हा डोंगर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. त्याच्या कड्याला अरबी समुद्रावरून येणारा पाऊस युगानुयुगे कापतो आहे. कातळाला जिथे भेग होती, तिथून ओढे मागे मागे शिरले आणि नाळा पडल्या. माणसाने घाट शोधले ते बहुतेक या पाण्याच्याच मागावर.

एकाच घाटाने मोटारीतून, सायकलवरून आणि पायी गेले तर तीन निरनिराळे घाट भेटतात, असे मला इतक्या वर्षांच्या भटकंतीनंतर ठामपणे वाटते. त्यातला तिसरा, पायवाटेचा घाट, आपल्या डोळ्यांदेखत मोडत चालला आहे. तो का जपायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख.

नाणेघाट : दगडातले आकडे

सुरुवात नाणेघाटापासूनच करायला हवी. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या वैशाखरे गावाजवळून वाट जंगलात शिरते. झाडी संपली की कातळाच्या अरुंद घळीतून दगडी पायऱ्या वर चढतात आणि घळीच्या तोंडाशी एक लेणे लागते. चौकोनी दालन, तिन्ही बाजूंना कातळातच खोदलेले बाक. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकातला तो मानतात. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची ती यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी. या दानांचे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध अंकांपैकी आहेत. शून्य आणि स्थानमूल्य यांच्या आधीची ही पद्धत असल्याने दहा, शंभर आणि हजार यांच्यासाठी स्वतंत्र खुणा दिसतात.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी अशी नावे वर कोरलेली आहेत. पुतळे गेले. कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

व्यापारी वाटेच्या ऐन तोंडावर राजघराण्याने स्वतःला का कोरून घेतले असेल? सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल जुन्नरमार्गे पैठणला जायचा आणि परतीचा मालही इथूनच उतरायचा. घाट ज्याच्या हातात, जकात त्याच्या हातात. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले याच वाटेच्या पंचक्रोशीत आहेत आणि जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. राज्य, बाजार आणि धर्म या तिघांनाही हीच वाट पोसत होती.

आज माथ्यापर्यंत गाडी जाते. घाटघरकडून डांबरी रस्त्याने आलेला पर्यटक वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहतो, फोटो काढतो आणि परततो. वैशाखऱ्यातून चढून आलेल्याला मात्र घामेजल्या अंगाने त्या गार दालनात बसल्यावर, तिन्ही बाजूंना बाक का कोरले असतील हे कुणी सांगावे लागत नाही.

बोरघाट : तोफा, रेल्वे आणि शिंग्रोबा

बोरघाटाच्या आसपास कार्ले, भाजे, बेडसे, कोंडाणे ही लेणी आहेत, तशी लोहगड, विसापूर, राजमाचीची ठाणीही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लेखांत वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, सेठी भूतपाल आहे आणि धेनुकाकटाचे यवन दातेही आहेत. ही वाट किती दूरची माणसे वापरत होती, ते या नावांवरून दिसते.

वाटेची नस ओळखणारा सेनापती काय करू शकतो, ते याच परिसरात २ फेब्रुवारी १६६१ रोजी दिसले. मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला. खाली उंबरखिंडीच्या दाट झाडीत शिवाजी महाराजांचे सैन्य दबा धरून होते. पुढची वाट बंद, मागची बंद, पाणी नाही. फौजेतल्या रायबागन या कर्तबगार स्त्री सरदाराच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सामानसुमान ठेवून तो परतला. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचे वर्णन आहे. आज उंबरखिंडीत उभे राहून वर नागफणीच्या सुळक्याकडे पाहिले की एवढी फौज कशी अडकली, ते नकाशाशिवाय उमगते.

पुढे १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने बोरघाट तोफा नेण्याजोगा करून घेतला आणि १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला. त्याच वर्षी बांधलेला पूल पुढे अमृतांजन पूल म्हणून ओळखला जाऊ लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस असताना तो पाडला. एका महामार्गाची अडचण दूर झाली, पण घाटातली १९० वर्षांची खूणही नाहीशी झाली.

रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ मीटरला एक मीटर चढ. ऐन भरात ४२ हजार मजूर इथे राबत होते आणि पटकी व इतर रोगांत हजारोंनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर काही दिवसांतच वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन दोन अनुभवी अभियंत्यांकरवी काम तडीस नेले. मेलेल्या मजुरांची नावे कुठल्याही बोगद्याच्या तोंडावर नाहीत. घाटात शिंग्रोबाचे देऊळ मात्र आहे. साहेबाला रस्ता सापडत नव्हता, तो शिंग्रोबा धनगराने दाखवला आणि पुढे साहेबानेच त्याला मारले, अशी लोककथा आहे. खोपोलीहून चढणारे ट्रकवाले आजही तिथे हात जोडतात, नाणे टाकतात. वाट ज्यांच्या पायाखालची होती त्यांचे ऋण लोकांनी आपल्या परीने असे मान्य केले आहे.

सायकलवरचा घाट

मोटारीत घाट म्हणजे वळणे. सायकलवर घाट म्हणजे दम. पुण्याचे सायकलस्वार कात्रज, दिवे, खंबाटकी आणि पसरणी हे घाट पायांनी ओळखतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि त्या किताबाचा मान शर्यत जिंकण्याइतकाच मोठा असतो.

ताशी सात-आठ किलोमीटर वेगाने चढताना रस्त्याकडेची कापलेली दरड उघडी पोथीच असते. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली, वरून आलेल्या तप्त लाव्ह्याने भाजलेली ही माती. ती मऊ असते, पोखरली जाते, आणि अनेक ठिकाणी पाणी पाझरते ते तिच्याच आसपास. डोंगराचा पायथा रुंदीकरणासाठी उभा कापला की वरचा भार सुटा होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात खाली येतो, हेही इथेच कळते. चढताना पाहिलेली ताजी माती उतरताना लक्षात ठेवावी. ब्रेक सतत दाबून धरू नयेत, वळणाआधीच वेग कमी करावा आणि पावसाळ्यात कापलेल्या दरडीखाली विसाव्याला थांबू नये.

सावकाश जाणाऱ्याला घाटातले जीवही भेटतात. २०२० मध्ये विज्ञानाला नव्याने कळलेला ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ हा मासा आंबोलीतल्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातला. राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली आहे.

मढे घाट : पायाखालची वाट

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या केळद गावापासून मढे घाट खाली कर्णवडीला उतरतो. सिंहगडावर १६७० च्या फेब्रुवारीत पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठ्याला नेला, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पावसाळ्यात लक्ष्मी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीला वळसा घालून दोनशे पावले पुढे गेले की माणूस दिसत नाही.

केळदमधले एक वयस्कर काका माझ्यासोबत वाट दाखवायला आले होते. उतार तीव्र झाल्यावर ते म्हणाले, “पाव्हणं, पाय आडवा टाका. टाच आधी नगं.” मग त्यांनी वाळलेले गवत काठीने बाजूला सारले. खाली कातळात खोदलेली पायरी होती, मधोमध खोलगट झिजलेली. पुढे आणखी दोन. मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या याच पायऱ्यांवरून माणसांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर गेल्या. काकांची आई कोकणातली. लग्नाचे वऱ्हाड इथूनच चढून आले होते. सुकट, मीठ खालून वर यायचे, नाचणी आणि घोंगड्या खाली जायच्या. “आता कोन चालतंय? यष्टी झाली, मोटारसायकली झाल्या,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गरोदर बाईला डोलीतून घाट उतरवण्याचे हाल त्यांनी पाहिलेले आहेत. रस्ता आला हे चांगलेच झाले.

पण रस्त्यासोबत एक गोष्ट गेली. घाटवाट टिकते ती रोजच्या पायांनी. पाय थांबले की कारवी वाट गिळते, दरड पायऱ्यांवर बसते, पाण्याचे टाके गाळाने भरते. शेवटचा वाटाड्या थकला की नाळ कुठे सुरू होते हे सांगणाराही उरत नाही. लिंगाण्याशेजारची बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ, शेवत्या, उपांड्या अशा कितीतरी वाटा आज भटक्यांच्या आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहेत.

जिथे चालण्याचे कारण टिकले, तिथे घाटही टिकला. दर आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि हजारो वारकरी ज्ञानोबा-तुकोबांच्या गजरात तो चढ पायी पार करतात. चैत्रात शिखर शिंगणापूरला सासवडची कावड मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून हातोहात वर नेतात. या वाटांवरचे चालणे कुठल्या खात्याने राखलेले नाही, लोकांनी राखले आहे.

काय करता येईल

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात वरंध, आंबेनळीसारखे घाटरस्ते ठिकठिकाणी तुटले. रस्ता हवाच, पण डोंगर सोसेल इतकाच कापावा, आणि नवा रस्ता आखण्याआधी खालच्या-वरच्या गावांतल्या जुन्या माणसांना पाणी कुठून वाहते ते विचारावे. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी आपल्या भागातल्या घाटवाटांची नोंद करावी : पायऱ्या, टाकी, मूर्ती, जकातीच्या जागा, वाटाड्यांनी सांगितलेली नावे. पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. या वाटाही त्याच वारशाचा भाग आहेत आणि बहुतेकांना कसलेही संरक्षण नाही.

तुम्ही वाचकांनीही एक करावे. दिवाळीनंतर पाऊस सरलेला असतो, ओढ्यांना पाणी असते आणि वाट उघडी पडू लागते. जवळचा एकच घाट निवडा. एकदा गाडीने जा, एकदा सायकलने जा आणि एकदा गावातला वाटाड्या घेऊन पायी उतरा. त्याला दिवसाची पुरती मजुरी द्या, त्याच्या घरी जेवा, कातळावर नाव कोरू नका, कचरा परत आणा. पुढच्या वर्षी त्याच वाटेने पुन्हा जा. या वाटा चालणाऱ्यांनीच घडवल्या आणि चालणारे राहिले तरच त्या राहतील.