सेमी ऑटोमॅटिक मशीन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘सेमी ऑटोमॅटिक’ वॉशिंग मशीन म्हणजे अर्धवट काम करणारं, जुन्या पद्धतीचं मशीन, ही समजूत घराघरांत पक्की आहे. प्रत्यक्षात घुसळून धुणं आणि पिळणं, म्हणजे कंबर मोडणारी दोन्ही कामं ते स्वतःच करतं. आपल्याकडे उरतं ते पाणी भरणं, सोडणं आणि कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकणं.

छोट्या टबाला सगळे ‘ड्रायर’ म्हणतात, म्हणून त्यातून कपडे वाळूनच निघतील अशी अपेक्षा असते. त्यात हीटर नसतो, गरम हवाही नसते. टब जोरात फिरतो, कपडे कडेला दाबले जातात आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. दोरीवर वाळत घालावं लागतंच. पण पिळण्यात मात्र सेमी सरस आहे. त्याचा अरुंद टब मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो, तर वरून कपडे टाकायच्या फुल्ली ऑटोमॅटिकचा रुंद टब बहुधा ७०० च्या आसपास. पावसाळ्यात जीन्स वाळवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

हा टब धडधडू लागला की मशीन बिघडलं असं वाटतं. बहुतेक वेळा कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात. बटण बंद करावं, टब पूर्ण थांबू द्यावा (तोवर आत हात घालणं धोक्याचंच), कपडे सारखे पसरावेत आणि वरची प्लॅस्टिकची चकती दाबून बसवावी.

७ किलोचं मशीन म्हणजे ७ किलो कोरडे कपडे. पिळायचा टब त्याहून लहान असतो, त्यामुळे एका धुण्याचे कपडे दोन खेपांत पिळावे लागतात.

राहिला पाण्याचा प्रश्न. सेमीला पाणी जास्त लागतं, हे सरसकट खरं नाही. नळ सोडून खळबळत बसलं तर लागेलच. पण त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढता येतात. फुल्ली ऑटोमॅटिक प्रत्येक खेपेला नवं पाणी घेतं आणि त्यासाठी नळाला पुरेसा दाब लागतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं. तिथे साठवलेल्या पिंपातून बादल्या ओतून चालणारं मशीन घेणं ही तडजोड नव्हे, माझ्या मते तीच योग्य निवड आहे.