अडखळण्यातून वाचणारं यंत्र

मुधोळ म्हटलं की लांबचे पाहुणे शिकारी कुत्र्यांची चौकशी करतात. ते मुधोळ कर्नाटकातलं. आमचं मुधोळ बासरजवळचं: १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात, मग आदिलाबादेत आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात. त्यामुळे अक्षरं तीच असली तरी अर्थ बदलू शकतो, हे इथं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

पेशीतल्या एमआरएनएचंही असंच. डीएनएवरून उतरवून घेतलेली ही प्रथिनाची चिठ्ठी. ए, सी, जी, यू अशी चारच अक्षरं. पण लिहून झाल्यावर पेशी काही अक्षरांवर बारीक रासायनिक खुणा करते. एमआरएनएमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी आतली खूण म्हणजे ‘ए’ला चिकटलेला मिथाइल गट, एम-सिक्स-ए. चिठ्ठी किती काळ टिकायची, तिच्यावरून किती प्रथिन बनायचं, यात तिचा हात असतो. ती १९७४ मध्येच सापडली होती; नेमकी कुठल्या अक्षरावर, ते मात्र कळेना.

कारण साधं होतं. नेहमीची यंत्रं डीएनए वाचतात, म्हणून आरएनएची आधी डीएनएत नक्कल करायची. नक्कल करणारं विकर खूण असलेला ‘ए’ साध्या ‘ए’सारखाच उतरवतं. नक्कल स्वच्छ, खुणा गायब! जुन्या कागदाची टंकलिखित प्रत काढताना समासातल्या नोंदी राहून जाव्यात, तसं. २०१२ मध्ये दोन गटांनी प्रतिपिंडाचा गळ टाकून खुणेचे तुकडे वेगळे काढले. गल्ली सापडली, घराचा नंबर नाही.

नॅनोपोअर यंत्र नक्कल करतच नाही. त्याचं सगळ्यात लहान रूप, मिनआयन, तळहातावर मावतं. आत एक पडदा, पडद्यात प्रथिनांची सूक्ष्म भोकं, भोकांतून आयनांचा विद्युतप्रवाह. आरएनएचा धागा शेपटीकडून भोकात शिरतो. एक मोटर-प्रथिन त्याला आवरत, टप्प्याटप्प्यानं पुढं सोडतं. एरवी तो सर्रकन निघून जाईल. भोकाच्या अरुंद भागात एका वेळी साधारण पाच अक्षरं असतात आणि त्यांच्या आकाराप्रमाणे प्रवाह कमी-जास्त होतो. या चढउतारावरून संगणक अक्षरं ओळखतो. थेट आरएनए वाचण्याची ही रीत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे यंत्राची चूक. खूण असलेलं अक्षर आलं की प्रवाह किंचित बिघडतो आणि यंत्र अडखळतं. १९५१ मध्ये सापडलेला स्यूडोयुरिडिन म्हणजे ‘यू’चाच रूपबदल, पण यंत्र पुष्कळदा तिथं ‘सी’ वाचतं. मग संशोधक तोच मजकूर प्रयोगशाळेत बिनखुणेचा बनवून वाचतात आणि दोन्ही वाचनं शेजारी ठेवतात. खुणेच्याच प्रतीत पुन्हापुन्हा चूक झाली, तर ती चूक हाच पुरावा. बासरला अक्षराभ्यासाला बसलेलं पोर असं एकाच अक्षराशी थबकलं, तर गुरुजी त्याचा हात धरून पुढं नेतात. इथं थबकण्याचीच नोंद ठेवायची.

हे कुतूहल फक्त पुस्तकी नाही. खुणा बदलल्या की शरीर परक्या आरएनएला कमी बुजतं, हे कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं; त्यावर कोविडच्या एमआरएनए लशी उभ्या राहिल्या आणि २०२३ चं नोबेल मिळालं. लशीत घातलेलं अक्षर याच स्यूडोयुरिडिनचं भावंड.

यंत्राच्या उणिवाही आहेत. आरएनए भरपूर लागतं. एखादीच खूण एखाद्याच प्रतीवर असेल, तर ती गोंगाटात हरवते. शिवाय धागा शेपटीकडून शिरत असल्यानं मथळा शेवटी येतो आणि तेवढ्यात मोटर-प्रथिनाची पकड सुटते. सुरुवातीची दहा-बारा अक्षरं न वाचताच सटकतात. चिठ्ठीची टोपी, तीही मिथाइलचीच खूण असलेली, नेमकी त्याच टोकाला असते.