वसईच्या कोटाला सिमेंट नको
लहानपणी वसईचा किल्ला म्हणजे आमच्या लेखी रान. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा गोल जिना अंधारात चाचपडत चढलो, की खाली कोळीवाडा, वाळत घातलेले बोंबील, पलीकडे खाडी. चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ साली पोर्तुगीजांकडून हा कोट घेतला, हे शाळेत घोकलं. पिंपळ भिंतीत कसा शिरतो, ते मात्र इथंच पाहिलं.

माझे वडील गवंडी. ते म्हणायचे, पिंपळ नुसता ओढून काढाल तर चार दगड बरोबर येतील. आधी मूळ मारा. सिमेंटचं तर नावच नको. चुन्याच्या दर्जांतून ओल बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून धरतं, मग समुद्राकाठचा क्षार दगडालाच पोखरतो.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, अधूनमधून डागडुजीही होते. पण नवाकोरा किल्ला मला नकोच (तो सिनेमावाल्यांना लखलाभ!). छप्पर उडालेली चर्चेस तशीच असू देत. कमानी सावराव्यात, पावसाळा सरला की दरवर्षी झुडपं काढावीत, आणि चुना मळायचं काम आमच्या वसईतल्याच पोरांना पगार देऊन शिकवावं.